मातीच्या कार्डात काय नाही?

मैत्रिणींनो, परवा चंदगड तालुक्यात माहेरी गेले होते. वहिनींनी मोठ्या कौतुकानं शेतजमिनीचं कार्ड दाखवलं. "वन्सं, आपली जमीन पास झाली बघा!"

सरकारनं २०१५ साली सुरू केलेली ही जमीन आरोग्य पत्रिका. तिच्यासाठी मातीतल्या १२ गोष्टी तपासतात. नत्र, स्फुरद, पालाश, सामू, जस्त, लोह, तांबं वगैरे. खत किती घालायचं ते त्यावरून कळतं. पण शिसं, कॅडमियम, आर्सेनिक, क्रोमियम या जड धातूंचे रकानेच त्यात नाहीत. पिकाला काय कमी पडतंय ते कार्ड सांगतं. खाणाऱ्याला काय बाधेल, ते कोण सांगणार?

खाणीच्या मुलखात हा प्रश्न विचारायलाच हवा. चंदगड, राधानगरी, शाहूवाडीच्या सड्यांवर बॉक्साइट आहे. सडा खणला की सुटी झालेली माती पावसाबरोबर खालच्या भातखाचरांत उतरते. शेजारच्या गोव्यात लोहखनिजाचा गाळ शेतांत असाच साचला. बेकायदा खाणकामावरून २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टानं तिथल्या खाणी थांबवल्या. पण धातू काही पालापाचोळ्यासारखा कुजून जात नाही.

प्रत्येक खाणीच्या मातीत विष असतंच असं नाही, उगाच घाबरू नका. पण आपली तांबडी माती आम्लधर्मी. अशा मातीतून कॅडमियम पिकात लवकर चढतं, आणि भात ते ओढून घेण्यात पटाईत. (कार्डावर चुना घालायला सांगितला असेल तर जरूर घाला, त्यानं कॅडमियमही मातीत अडकून राहतं.) त्यातून अंगात लोह कमी असलेल्या बाईच्या शरीरात ते जास्त शोषलं जातं. आता आपल्यात रक्त कमी नसलेल्या किती जणी निघतील? शिसं तर लहान मुलांच्या मेंदूला बाधतं. रक्तात ते इतकं असलं तर चालेल, अशी सुरक्षित मर्यादाच नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

तपासणीला पैसा कुठला, असं विचारतील. २०१५ मध्येच खाणींचा कायदा बदलून जिल्हा खनिज प्रतिष्ठानं आली. खाणवाले रॉयल्टीशिवाय त्यात पैसे भरतात, आणि ते बाधित गावांचं पाणी, आरोग्य, पर्यावरण यांवर खर्च करायचे असतात. खाणीखालच्या शेतांची आणि विहिरींची धातूंसाठी तपासणी त्यातून व्हावी, असा ठराव मुख्य ग्रामसभेआधीच्या महिला ग्रामसभेत करता येतो.

"तिथं आम्ही रजिस्टरवर सही करतो, चहा पितो नि येतो," वहिनी हसल्या.

म्हटलं, यावेळी आधी ठराव लिहायला लावा, सही मागनं.