प्रेगो, आणि त्यात काय एवढं

गेल्या रविवारी आईशी फोनवर बोलताना तोंडातून चुकून "थँक्यू आई" निघून गेलं. इकडे येणाऱ्या एका सहकाऱ्याबरोबर तिने मेतकूट आणि गोडा मसाला पाठवला होता, तो मिळाल्याचं सांगत होतो. पलीकडे दोन सेकंद शांतता. मग काळजीच्या सुरात, "बरा आहेस ना रे? परक्यासारखं काय बोलतोयस?"

दोष माझा नाही, तोरिनोचा आहे. (इंग्रजीवाले ट्यूरिन म्हणतात. इथे राहून तसं म्हणवत नाही.) प्रोजेक्टच्या निमित्ताने इथे येऊन सव्वा वर्ष झालं आणि दिवसातून तीस-चाळीस वेळा तरी मी "ग्रात्सिए" म्हणत असेन. उच्चार 'ग्राझी' नव्हे बरं का! मधला आवाज म्हणजे आपला चाकातला, चमच्यातला च. माझे हिंदीभाषक सहकारी तिथे हमखास अडखळतात, आणि आपल्याला मात्र तो बाळगुटीबरोबर मिळालेला. मराठी असल्याचा परदेशात झालेला हा माझा पहिला थेट फायदा. :)

तर सकाळी आठला पोर्ता नुओवा स्टेशनजवळच्या बारमध्ये काय होतं ते सांगतो. (बार म्हणजे इथे कॉफीचं दुकान. गैरसमज नको.) आत शिरताच "बुओनजोर्नो" म्हणायचं. ते न म्हणता थेट कॉफी मागितली तर मिळते, पण काउंटरवाल्याच्या चेहऱ्यावरून कळतं की आपण काहीतरी गाळलं. तो म्हणतो "प्रेगो?", म्हणजे बोला, काय देऊ. कॉफी पुढे सरकवतो, पुन्हा "प्रेगो", म्हणजे घ्या. मी "ग्रात्सिए". निघताना पैसे देतो, तो "ग्रात्सिए", मी "ग्रात्सिए आ लेई", म्हणजे आभार तर तुमचे. मग "बुओना जोर्नाता", दिवस चांगला जावो. एवढ्याशा कॉफीसाठी एवढे संवाद! पहिल्या महिन्यात मला हे टीसीपीच्या थ्री-वे हँडशेकसारखं वाटायचं. डेटा दोन घोट, बाकी सगळा प्रोटोकॉल.

प्रेगो हा शब्द तर ओव्हरलोडेड फंक्शनचा आदर्श नमुना आहे. मूळ अर्थ 'मी विनंती करतो'. पण आधी तुम्ही व्हा, बसा, आत या, काय म्हणालात, आणि कुणी आभार मानल्यावरचं उत्तर, या सगळ्याला प्रेगोच. अर्थ सुरावरून आणि हातवाऱ्यावरून काढायचा. एका सरकारी खिडकीवर मी एकदा असा "प्रेगो!" ऐकला की कागद तिथेच टाकून पळून जावंसं वाटलं. तेव्हा इटालियन लोक म्हणजे साखरेचे खडे असं काही मला म्हणायचं नाही. "तान्ते ग्रात्सिए" नीट कुजकटपणे म्हटलं तर आपल्या "फार उपकार झाले"च्या तोडीस तोड बसतं.

मला खरी गंमत वाटते ती आभारांना दिलेल्या उत्तरांची. "दि निएन्ते", काही नाही. "नॉन चे दि के", आभार मानण्यासारखं यात काही नाही. "ची मांकेरेब्बे", याचा शब्दशः अर्थ जवळपास आपल्या "एवढंच बाकी होतं"सारखा. आपण ते कपाळाला हात लावून म्हणतो, ते प्रेमाने म्हणतात: तुम्ही आभार मानायचे, एवढंच राहिलं होतं! आणि माझं सगळ्यात लाडकं "फिगुराति". शब्दशः 'कल्पना कर', पण खरा अर्थ एकच, त्यात काय एवढं.

हा फिगुराति शिकलो तेव्हा मी तो जिथे तिथे वापरत सुटलो, आणि त्यातूनच फजिती झाली.

आमच्या ऑफिसात संध्याकाळी साफसफाईला एक बाई येतात, साठीच्या आसपासच्या. एका संध्याकाळी मी टेबलाखालची कचऱ्याची बादली काढून त्यांच्या हातात दिली. त्या म्हणाल्या, "ग्रात्सिए, इंजेन्येरे." (इथे इंजिनिअर ही नावाआधी लावायची पदवी आहे, डॉक्टरसारखी. पुण्यात एक दगड भिरकावला तर तीन इंजिनिअरांना लागतो, पण आजवर मला त्या हाकेने कुणी बोलावलं नव्हतं.) मी खुशीत येऊन म्हणालो, "फिगुराति!"

त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी कॉफी मशीनपाशी टीम लीडने मला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "तुम्ही दोघांनी एकमेकांना तू म्हणायचं ठरवलंय का?" मी म्हटलं, नाही. "मग सि फिगुरि म्हण. वयाने मोठं माणूस आपण होऊन सांगेल, आता तू म्हण, तेव्हा फिगुराति." तो स्वतः त्यांना सिन्योरा आणि पुढे आडनाव लावून हाक मारतो. आमच्या मजल्यावर सगळ्यांना त्यांचं आडनाव माहीत आहे.

सि फिगुरि हे 'लेई'चं रूप. लेईचा मूळ अर्थ 'ती'. समोरच्याला मान द्यायचा तर त्याच्याशी 'ती'च्या क्रियापदांत बोलायचं, मग तो दाढीवाला पुरुष का असेना. विचित्र वाटतं ना? पण "साहेब चहा घेणार का?" असं साहेबांच्या तोंडावर विचारताना आपणही तृतीय पुरुषातच शिरतो. मुसोलिनीच्या राजवटीला हा लेई परका आणि लाचार वाटला आणि १९३८ मध्ये त्यांनी त्याच्याऐवजी 'वोई' वापरायची मोहीम काढली. त्या धांदलीत 'लेई' नावाच्या बायकांच्या एका साप्ताहिकाचं नाव बदलून 'अन्नाबेल्ला' करावं लागलं. त्या नावातला लेई नुसता 'ती' होता, मानाचा नव्हताच, पण हुकूम तो हुकूम. राजवट गेली आणि लेई परत आला. वोई आज नेपल्सकडे वडीलधाऱ्यांशी बोलताना ऐकू येतो.

असो. तर मुद्दा.

"आपल्यात आभार मानायची पद्धत नाही, आभार मानणं म्हणजे परकेपणा" हे वाक्य मी स्वतः अनेकदा अभिमानाने म्हटलेलं आहे. इथे आल्यावरही पहिले काही महिने हेच सांगून इटालियन मित्रांना गप्प करायचो. आईच्या बाबतीत ते खरंच आहे आणि तिने मला झापलं ते योग्यच केलं. पण परवा हेच वाक्य पुण्यातल्या एका मित्राने ऐकवलं आणि मला पटेना. कारण हा नियम आपण आईपुरता कुठे ठेवतो? वॉचमनने गेट उघडलं, लिफ्टमनने मजला दाबला, पोराने पाण्याची बाटली आणून ठेवली, तिथेही आपण गप्पच असतो. ती माणसं काय जवळची म्हणून?

बरं, भाषेत काही कमी आहे म्हणावं तर तेही नाही. "अहो आभार कसले", "असू द्या हो", "त्यात काय एवढं" ही उत्तरं आपल्याकडे तयार आहेत आणि फिगुरातिपेक्षा जास्त ऊबदार आहेत. तू, तुम्ही, आपण अशा तीन पायऱ्या आहेत, इटालियनपेक्षा कांकणभर सरसच. फक्त वरच्या दोन पायऱ्या आपण वर बघूनच वापरतो. मित्र म्हणाला, "आम्ही मामा म्हणतो की!" म्हणतो ना. "मामा, दोन कटिंग आण रे." मामा म्हटलं की 'रे' माफ.

त्याचं दुसरं म्हणणं, इथलं हे सगळं वरवरचं आहे, मनापासून थोडंच म्हणतात? नसतील म्हणत. बारवाल्याला माझ्याबद्दल काडीचंही प्रेम नसेल, आणि त्याची गरजही नाही. माझा कप मांडणारा माणूस मला दिसला आणि त्याला मी दिसलो, एवढीच पोच दोघांनी एकमेकांना दिली. पोच द्यायला प्रेम कशाला लागतं?

हे मी कुणाला उपदेश म्हणून लिहीत नाहीये. पुण्यात मी ज्या कंपनीत होतो तिथे आमच्या मजल्यावर चहा देणारे एक गृहस्थ होते. पन्नाशी उलटलेली. चार वर्षं रोज दोन वेळा त्यांनी माझ्या टेबलावर बिनसाखरेचा चहा ठेवला. मी साखर सोडली हे त्यांना एकदाच सांगितलं होतं, पुन्हा सांगावं लागलं नाही. आम्ही सगळे, अगदी बाविशीतले ट्रेनीसुद्धा, त्यांना पहिल्या नावाने आणि 'ए' लावून हाक मारायचो. मी निघायच्या शेवटच्या दिवशी ते चहा ठेवून म्हणाले, "जपून जा साहेब, तिकडं थंडी असते म्हणे." मी मॉनिटरवरून नजर न काढता म्हटलं, "ओके."

ते "ओके" मला सिन्योराला सि फिगुरि म्हणताना हटकून आठवतं.

डिसेंबरात सुट्टीवर गेलो तेव्हा मुद्दाम त्या ऑफिसात गेलो. त्यांच्यासाठी जांदुयोत्ती घेतली होती, तोरिनोची हेझलनट घातलेली चॉकलेटं. काय बोलायचं तेही रिक्षात ठरवून ठेवलं होतं. धन्यवाद वगैरे बातम्या दिल्यासारखं वाटेल, त्यापेक्षा "काका, तुमच्या चहाची आठवण येते हो तिकडे" असं म्हणायचं. मजल्यावर कोपऱ्यात चहाचं मशीन लागलेलं. रिसेप्शनवर विचारलं, तर ती मुलगी नवीन होती. चांगली होती बिचारी, म्हणाली, कॉन्ट्रॅक्ट बदललं सर, पण जुन्या ठेकेदाराकडे फोन करून बघते. रिसीव्हर उचलला आणि मला विचारलं, "त्यांचं पूर्ण नाव काय?"

मला पहिलं नाव सांगता आलं.