कल्पनेचा प्रांत मोकळा सोडू नये

विज्ञानकादंबऱ्या आणि अद्भुतकथा म्हणजे पोटभरल्यांची करमणूक, संघर्षापासून पळ काढण्याची वाट, असा समज समाजवादी कार्यकर्त्यांत रूढ आहे. हा समज इतिहासाला धरून नाही आणि चळवळीच्या हिताचाही नाही.

१८८८ साली एडवर्ड बेलमी या अमेरिकन लेखकाची ‘लुकिंग बॅकवर्ड’ ही कादंबरी निघाली. तिचा नायक झोपी जातो आणि सन २००० मध्ये जागा होतो. तोवर सारे उद्योग राष्ट्राच्या मालकीचे झालेले असतात आणि नागरिकांची ‘औद्योगिक सेना’ ते चालवीत असते. इंग्लंडमधील विल्यम मॉरिसला हे चित्र मानवले नाही. केवळ मालक बदलून भागत नाही, श्रमातही आनंद हवा, ही त्याची भूमिका. उत्तरादाखल त्याने लिहिलेली ‘न्यूज फ्रॉम नोव्हेअर’ ही कादंबरी १८९० साली सोशलिस्ट लीगच्या ‘कॉमनवील’ या साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. समाजवाद कोणता हवा, हा वाद संघटनेच्या पत्रातच कादंबरीच्या रूपाने झडला. याला पलायन कोण म्हणेल?

या वाङ्मयाचे सामर्थ्य सत्ताधाऱ्यांना मात्र अचूक कळते. क्रांतीनंतरच्या रशियात झाम्यातिनने ‘वुई’ या कादंबरीत माणसांना नावांऐवजी क्रमांक देणारे राज्य रंगविले. १९२४ साली ती न्यूयॉर्कमध्ये इंग्रजीत निघाली. सोव्हिएत भूमीवर छापली जाण्यास १९८८ साल उजाडावे लागले. निरुपद्रवी करमणुकीचे इतके भय कोणी बाळगीत नाही.

अर्सुला ले ग्विनची ‘द डिस्पझेस्ड’ (१९७४) तर कार्यकर्त्यांनी अवश्य वाचावी. तीत खाजगी मालमत्ता आणि सरकार दोन्ही नसलेला समाज आहे. तरीही समित्यांचा साचेबंद कारभार आणि लोकमताचा धाक शेवेक या शास्त्रज्ञाची कोंडी करतात. हे शत्रूचे हेटाळणीचे शब्द नव्हेत. समतेची ओढ असणाऱ्या लेखिकेने समतावाद्यांपुढे धरलेला हा आरसा आहे. ज्यांची हयात समित्यांत गेली, त्यांना त्यातील चेहरे ओळखू येतील.

अद्भुतकथांत आक्षेपार्ह काहीच नाही, असे नव्हे. टोल्कीनच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये (१९५४-५५) खऱ्या वंशाचा राजा गादीवर येतो आणि राज्याची घडी पुन्हा बसते. जन्मसिद्ध अधिकाराचा हा गौरव तपासलाच पाहिजे; पण न वाचता तो तपासणार कसा?

उद्याचे चित्र समाजवाद्यांनी रेखाटले नाही, म्हणून ते कोरे राहत नाही. राजपुत्रांचे भाट आणि भांडवलाचे सेवक ते रेखाटतात आणि तरुण वाचक त्यालाच भविष्य समजतो. अभ्यासवर्गांच्या वाचनयादीत अर्थशास्त्राच्या ग्रंथांशेजारी या कादंबऱ्यांनाही स्थान मिळाले पाहिजे.