चित्र फोर-के, आवाज भंगारात

मिनी-डीव्ही कॅसेट ‘डिजिटल’ करून देणाऱ्या दुकानदारांचा एक लाडका सिद्धान्त आहे: लोक लग्नाची कॅसेट बघतात, ऐकत नाहीत. म्हणून ७२० बाय ५७६चं चित्र ताणून फोर-के करायचं आणि आवाज १२८ केबीपीएस एमपीथ्रीत कोंबायचा. का हो? “जागा वाचते, साहेब.”

किती वाचते? डीव्हीची तासाभराची फाइल साधारण १३ जीबी. त्यात ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट स्टिरिओचा मूळ आवाज ६९१ एमबी. एमपीथ्री केला की ५८. म्हणजे वाचले जेमतेम ६३० एमबी! आणि ते वाचवणारा हाच काटकसरी महात्मा चित्रात कधी नव्हतेच ते पिक्सेल भरून फाइल फुगवतो.

एमपीथ्रीची युक्ती अशी की मोठ्या आवाजाआड दडलेला बारीक आवाज कानाला कळणार नाही असं धरून चालायचं आणि त्याचा तपशील उडवायचा. गाणी ऐकायला ठीक. पण घरच्या चित्रीकरणात सगळं धन त्या आडोशालाच असतं! कर्ण्यावर मंगलाष्टकं चाललीत आणि मागे आजी कुणाला तरी म्हणतेय, “अगं, अक्षता संपल्या.” ती आजी आता नाही. तुम्हाला कर्णा ऐकायचाय की ती? शिवाय टाळ्या नि बांगड्यांची किणकिण, असे तुटक आवाज कमी बिटरेटवर हमखास पाणचट होतात.

दुसऱ्या टोकाला हाय-रेझ महर्षी. व्हीएचएसच्या कडेच्या अरुंद पट्टीवरचा मोनो आवाज, दहाएक किलोहर्ट्झच्या पुढे त्यात फारसं काही नाही, आणि हे तो १९२ किलोहर्ट्झ, २४ बिटवर टिपणार. माणसाचा कान विसाला हात टेकतो. बाकीचं वटवाघळांसाठी का? स्टिरिओत तासाला चार जीबीहून जास्त, आणि त्यात भरायचं काय, तर टेपची खरखर. तिसरे पंडित एमपीथ्रीचं फ्लॅक करून ‘क्वालिटी वाढवली’ म्हणतात. फाइल वाढली, पंडितजी. फेकलेला आवाज परत आला नाही.

डीव्हीची मूळ फाइल आहे तशी ठेवा. व्हीएचएसचा आवाज ४८ किलोहर्ट्झला घ्या, फ्लॅकमध्ये दाबा, मॅट्रोस्का फाइलमध्ये ठेवा. फ्लॅक एक बिटही गमावत नाही. २००१पासून आहे, फुकट आहे, आणि २०२४मध्ये आयईटीएफनं त्याचा तपशील मानक म्हणून प्रसिद्ध केलाय. कुठली कंपनी बुडाली म्हणून तो बंद पडणार नाही. मामाच्या फोनसाठी एएसीची वेगळी प्रत काढा, १९२ केबीपीएस पुरे. पण त्या प्रतीच्या भरवशावर मूळ फाइल पुसणाऱ्याच्या हाती हार्ड डिस्क देऊ नका.

दुकानात कॅसेट ठेवण्याआधी एवढंच विचारा: फायरवायरनं काढलेली मूळ डीव्ही फाइल देणार का? “त्यापेक्षा मागे छान गाणी टाकून देतो” असं उत्तर आलं, तर कॅसेट उचला आणि चालू लागा.