गुन्ह्यांची खरी नोंद घ्या, धोरण तिच्यावर बेता

प्रति,
मा. अपर मुख्य सचिव (गृह),
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

विषय : गुन्हे व न्यायविषयक आकडेवारी धोरणासाठी वापरण्याबाबत.

महोदय,

चोरीला गेलेला मोबाईल ठाण्यात ‘गहाळ’ म्हणून लिहिला जातो, मारहाणीची तक्रार एनसीवर (अदखलपात्र नोंदीवर) मिटवली जाते, हा असंख्य तक्रारदारांचा अनुभव आहे. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळताच एफआयआर नोंदवणे बंधनकारक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी प्रकरणात २०१३ मध्येच सांगितले. तरीही टाळाटाळ चालते, कारण आकडा वाढला की जाब ठाणे प्रभारीलाच द्यावा लागतो. गुन्हे वाढणे आणि त्यांची नोंद वाढणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे राष्ट्रीय गुन्हे नोंदणी ब्युरो (एनसीआरबी) आपल्या वार्षिक अहवालातच बजावते. विधिमंडळातील चर्चा मात्र ‘वाढले की घटले’ एवढ्यावरच अडते.

म्हणून नोंदलेल्या गुन्ह्यांच्या संख्येवरून कोणत्याही अधिकाऱ्याचे मूल्यमापन करू नये, ही आमची मुख्य मागणी आहे. तक्रार किती वेळात नोंदली, दोषारोपपत्र केव्हा गेले, न्यायालयात ते टिकले का, हे तपासावे. जे गुन्हे ठाण्यापर्यंत पोहोचतच नाहीत त्यांच्यासाठी अर्थ व सांख्यिकी संचालनालयाने घरोघरी जाऊन पीडितांचे सर्वेक्षण करावे. घरातली मारहाण आणि जातीय अत्याचार यांचे खरे प्रमाण एरवी कळणारच नाही.

मोजणीच्या रीतीतही उणीव आहे. एका एफआयआरमध्ये कितीही कलमे असली तरी सर्वांत गंभीर गुन्हाच मोजला जातो. खुनासोबत नोंदलेला सासरचा छळ त्यामुळे आकड्यांत उरत नाही. राज्याने आपल्या अहवालात सर्व कलमांची मोजणी स्वतंत्रपणे द्यावी. एनसीआरबीचा २०२३ सालचा देशाचा अहवाल सप्टेंबर २०२५ अखेरीस आला. इतक्या शिळ्या आकड्यांवर बंदोबस्त किंवा मनुष्यबळ ठरवता येत नाही. ठाणेनिहाय आकडे दर महिन्याला मराठीत खुले करावेत.

तुरुंगांबाबत तर दिरंगाईला जागाच नाही. राज्यातील दर पाच कैद्यांपैकी सुमारे चार कच्चे कैदी आहेत. त्यांचा दोष अजून सिद्ध झालेला नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार पूर्वी कोणत्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या व्यक्तीने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ कोठडीत काढला, की काही अपवाद वगळता ती जामिनावर सुटकेस पात्र ठरते. न्यायालयाकडे अर्ज करण्याची जबाबदारी तुरुंग अधीक्षकांवर आहे. कोणाची मुदत कधी भरते हे नोंदीतूनच कळते. किती जण पात्र ठरले, किती अर्ज गेले, प्रत्यक्षात किती सुटले आणि जामीनदाराअभावी किती अडकले, हे जिल्हावार जाहीर करावे. ज्या जिल्ह्यात अडकलेल्यांची संख्या साचते, तिथे विधी सेवा प्राधिकरणाचे वकील आणि निधी आधी पोहोचावा.

पोलीस, न्यायालय आणि तुरुंग यांच्या नोंदी एकाच प्रकरण क्रमांकाने जोडाव्यात. मात्र पीडितांची ओळख काटेकोरपणे गुप्त ठेवावी. या मागण्यांवरील कार्यवाहीचा अहवाल नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात पटलावर ठेवावा आणि आम्हाला लेखी उत्तर मिळावे, ही विनंती.

आपले विश्वासू,
कायदेविषयक मदतीचे काम करणारे वकील व नागरिक