नत्था पळाला नाही

परवा आमच्याकडे पाहुणे जमले होते. जेवणं झाल्यावर मुलांनी टीव्हीवर 'पीपली लाइव्ह' लावला. २०१० चा सिनेमा, मी तेव्हाच टॉकीजमध्ये पाहिला होता. सगळे पोट धरून हसले. शेवटी आमचे एक नातेवाईक (ते हे वाचतीलच, राग मानू नये) म्हणाले, "बघा, पळूनच गेला ना! लाखासाठी नाटकं करतात हे लोक."

पाहुण्यांसमोर मी गप्प बसलो. आता बोलतो.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. कर्जापायी नत्था आणि बुधिया या भावांची जमीन जाणार असते. आत्महत्या केली तर सरकार एक लाख देतं असं कळतं आणि थोरला भाऊ नत्थाला पुढे करतो. गावचा पत्रकार राकेश हे ऐकतो, छापतो आणि गावात चॅनेलवाल्यांची जत्रा भरते. नत्थाच्या विष्ठेवरसुद्धा कॅमेऱ्यासमोर चर्चा होते! सरकार त्याला हातपंप देतं, पण तो बसवायचे पैसे देत नाही. दिग्दर्शिका अनुषा रिझवी स्वतः टीव्ही पत्रकार होत्या, त्यामुळे घरचंच सगळं ठाऊक.

शेतकऱ्यांची थट्टा केली म्हणून तेव्हा विदर्भ जनआंदोलन समितीने सिनेमावर बंदी मागितली होती. त्यांचा राग मी समजू शकतो. पण थट्टा नत्थाची नाहीच मंडळी, ती आपली आहे. त्याच गावात होरी महतो रोज माती खणून विकतो आणि एक दिवस त्याच खड्ड्यात मरतो. राकेश सोडला तर कुणालाच त्याचं काही वाटत नाही, कारण तो 'स्टोरी' नाही.

हे सिनेमातच घडतं असं नाही. २००६ साली मुंबईच्या फॅशन वीकला ५१२ पत्रकार होते आणि मॉडेल्स सुती कपडे घालून मिरवत होत्या. तो कापूस पिकवणारे इकडे विदर्भात जीव देत होते आणि त्यांची बातमी घ्यायला बाहेरून जेमतेम सहा पत्रकार आले होते. हे पी. साईनाथ यांनी जगाला सांगितलं, म्हणून आपल्याला कळलं.

आता लाखाचं. आपल्याकडे शेतकरी गेला की जिल्ह्याची समिती बसते आणि आत्महत्या 'पात्र' की 'अपात्र' ते ठरवते. सातबारा कुणाच्या नावावर, कर्ज कुणाचं, तगादा होता का? मेल्यावरही माणसाची परीक्षा, आणि त्यात नापास होणारे थोडेथोडके नाहीत. सिनेमातही स्फोटात राकेश मरतो, लोक त्याला नत्था समजतात आणि अपघात ठरवून लाख नाकारला जातो. लाखासाठी कोण मरेल हो?

राहिला 'पळून गेला' हा आरोप. काही वर्षांपूर्वी कंपाउंडची भिंत रंगवायची होती. सकाळी सक्करदऱ्यातल्या आमच्या भागातल्या ठिय्यावर गेलो. एकाने पाचशे सांगितले, मी चारशेवर अडून बसलो. तो माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "सर, ओळखलं नाही काय मले? 'माझे बाबा' निबंधाले तुम्ही दहापैकी आठ देल्ले होते."

उमरेडकडचा माझा विद्यार्थी. त्या निबंधात बापाचं वावर होतं, बैल होते.

"वावर गेलं सर," एवढंच म्हणाला.

पाचशे दिले. घासाघीस केल्याची लाज मात्र अजून गेलेली नाही.

सिनेमा संपतो तेव्हा नत्था गुरगावला बांधकामावर धुळीत बसलेला असतो. पडद्यावर अक्षरं येतात की १९९१ ते २००१ या दहा वर्षांत ८० लाख शेतकऱ्यांनी शेती सोडली. आमच्याकडे तोवर सगळे आइस्क्रीम घ्यायला उठले होते! निर्वासित म्हटलं की नागपूरकरांना जरीपटका आठवतो, फाळणीनंतर आलेले सिंधी बांधव आठवतात. त्यांना निदान नाव होतं, वसाहत मिळाली. ठिय्यावरच्या माणसाला आपण 'लेबर' म्हणतो आणि मोकळे होतो. तो मेला तर निदान आकड्यात आला असता. गाव सोडून आला, म्हणून बातमीतही नाही.

असो. नत्था पळाला नाही भाऊसाहेब, त्याला हाकललं. पुढच्या वेळी जेवायला याल तेव्हा शेवटची पाच मिनिटं पुन्हा पाहू. आइस्क्रीम आधीच वाढायला सांगतो.