दहा जुलैला माणगावला

गेल्या आठवड्यात कामानिमित्त जित्याहून पेण-खोपोलीमार्गे पुण्याला गेलो आणि थोडी वाट वाकडी करून खडकीच्या वॉर सिमेट्रीत तासभर थांबलो. दुसऱ्या महायुद्धातल्या १,६६८ सैनिकांच्या कबरी तिथे आहेत. पश्चिम आणि मध्य भारतात जिथे कायम देखभालीची खात्री नव्हती, तिथल्या कबरी इथे आणून एकत्र केल्या गेल्या. एक माळी उकिडवा बसून, यंत्र पोचत नाही तेवढी दगडाच्या कडेची बोटभर पट्टी कात्रीने कापत होता. दगडावरचं वय वाचून पुढे जायचं, की पुन्हा तेच: एकवीस, एकोणीस, चोवीस.

मला आपले नाईक यशवंत घाडगे आठवले. माणगावजवळच्या पळसगावचे, मराठा लाइट इन्फन्ट्रीचे, वय अवघं २२. १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबरच्या खोऱ्यात, अगदी जवळून मशीनगन सुरू झाली आणि त्यांची अख्खी तुकडी पडली. कुणी मेलं, कुणी जखमी. घाडगे एकटेच पुढे धावले. हातगोळा टाकून त्यांनी मशीनगन बंद पाडली, टॉमीगनने एकाला टिपलं. मॅगझिन बदलायला उसंत नव्हती, तेव्हा उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने लोळवलं. मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या लागून त्यांनी तिथेच देह ठेवला. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

त्यांची कबर कुठेच नाही. नाव आहे कॅसिनोच्या स्मारकावर, ठावठिकाणा न लागलेल्या चार हजारांहून अधिक जणांत. इटलीतल्या मोंतोने गावाने जुलै २०२३ मध्ये त्यांच्या नावाने सूर्यघड्याळ उभारलं. त्या लोकांचा ना घाडग्यांशी नात्याचा संबंध, ना भाषेचा.

पहिल्या महायुद्धातल्या कित्येक शिपायांच्या वाट्याला तर एवढंही आलं नाही. इराकमधल्या बसऱ्याच्या स्मारकावर गोऱ्या सैनिकांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरली. साध्या हिंदी शिपायांचे पलटणवार नुसते आकडे. महाडच्या फौजी आंबवड्यातून त्या लढाईत १११ जण गेले, सहा परतले नाहीत. एका गावातून १११! घराघरात तेव्हा काय अवस्था असेल?

'इंग्रजांच्या लढाईत मेले, त्यांचं आपण काय करायचं?' असं अजूनही ऐकू येतं. मला ते अजिबात पटत नाही. लढाई कुणाची हे ठरवणं त्या पोरांच्या हातात नव्हतं. ती पोरं आपल्याच वाड्या-वस्त्यांवरची होती, आणि तार आली ती आपल्याच माय-बहिणींच्या दारात.

माणगावात तहसील कचेरीसमोर घाडग्यांचा पुतळा आहे. आपल्याकडे १० जुलैला लावणी ऐन भरात असते, हमरापूर-जित्याकडच्या गणपतीच्या कारखान्यांत मान वर करायला सवड नसते, हे मी जाणतो. तरी शाळांनी त्या दिवशी मुलांना ही गोष्ट सांगावी. ग्रामपंचायतींनी आपल्या गावातून फौजेत जाऊन न परतलेल्यांची नावं, जुनी माणसं आहेत तोवर विचारून, वहीत उतरवून घ्यावीत.

येत्या दहा जुलैला मी सकाळच्या एसटीने माणगावला निघणार आहे. पेण, नागोठणे, कोलाड, वाटेत ज्यांना यावंसं वाटेल त्यांनी जरूर यावं. येताना दारची चार फुलं आणावीत.