पंचावन्न वर्षांची लक्ष्मणरेषा

१८ ऑगस्ट २०१२ रोजीं अमेरिकेंतील फ्लॉरिडा संस्थानांत, ‘द व्हिलेजेस’ या निवृत्त लोकांच्या वसाहतींत, रिपब्लिकन पक्षाचे उपाध्यक्षपदाचे उमेदवार पॉल रायन यांनीं आपल्या वृद्ध मातोश्रींस सभेपुढें आणिलें. मेडिकेअर, म्हणजे वृद्धांचा सरकारी आरोग्यविमा, आजीच्या दुखण्यांत आपल्या घराच्या उपयोगी पडला, आज तो आईच्या उपयोगी पडत आहे, आणि अशा वृद्धांसाठीं आपण तो राखूं, असें त्यांनीं सांगितलें. मातृभक्ति वंद्यच आहे. तिच्याविषयीं आमची तक्रार नाहीं. तक्रार आहे ती त्या आश्वासनाच्या पोटांत असलेल्या एका अटीविषयीं.

हा विमा लिंडन जॉन्सन यांच्या सहीनें ३० जुलै १९६५ रोजीं कायदा झाला. पासष्टी गांठलेल्या माणसास दवाखान्याच्या दारांत भिक्षापात्र घेऊन उभें राहावें लागूं नये, हा त्याचा हेतु. कामकरी मनुष्य आपल्या वेतनांतून शेंकडा १.४५ इतका कर भरतो व मालकही तितकाच भरतो. त्यांतून इस्पितळाचा खर्च भागतो. अर्थात् ही खैरात नव्हे. जन्मभर भरलेल्या वर्गणीचा हा परतावा आहे. १९६४ सालीं अध्यक्षपदाचे उमेदवार बॅरी गोल्डवॉटर यांनीं या योजनेविरुद्ध सेनेटांत मत दिलें. तें मत आम्हांस मान्य नाहीं. पण तें भर मैदानांत दिलेलें मत होतें, आणि त्याचें फळ त्यांनीं त्याच वर्षीं भोगिलें.

रायन यांचा मार्ग निराळा. २०११ सालच्या त्यांच्या योजनेप्रमाणें, पंचावन्न वर्षांच्या आंतील लोकांस म्हातारपणीं सरकारनें ठराविक रक्कम द्यावयाची व त्यांनीं खासगी कंपन्यांकडून विमा घ्यावयाचा. काँग्रेसच्याच अंदाजपत्रक कचेरीनें हिशेब केला कीं, २०३० सालीं ६५ वर्षांच्या सामान्य विमेदारास एकंदर खर्चापैकीं ६८ टक्के स्वतः सोसावे लागतील. जुनीच पद्धति चालू राहिल्यास हाच भार सुमारें पाव हिस्सा राहील. पुढें २०१२ सालीं त्यांनीं योजना सौम्य केली आणि जुना मेडिकेअर हा एक पर्याय म्हणून ठेविला, हें न्यायानें सांगितलें पाहिजे. परंतु रेषा तेथेंच राहिली: पंचावन्नाच्या पलीकडे पूर्ण अभय, अलीकडे नवा प्रयोग.

आतां आमचा प्रश्न साधा आहे. हें औषध गुणकारी असेल, तर तें आईस कां नको? आणि तें आईस सोसणारें नसेल, तर तें मुलास कां? यावर उत्तर मिळतें कीं, तरुणांस तयारीला वेळ आहे. वेळ आहे खरा. पण वेळेनें शिल्लक पडत नाहीं, शिल्लक पडते ती मिळकतीनें. तीस वर्षें छपरें शाकारणाऱ्या चौपन्न वर्षांच्या मजुरानें वर्गणी जुन्या कराराप्रमाणें भरावी आणि परतावा मात्र नव्या कराराप्रमाणें घ्यावा, याला सुधारणा म्हणतां येणार नाहीं. ज्यांची भीति मतपेटींत ताबडतोब उमटते त्यांस अभय, आणि ज्यांची भीति अजून दहा-वीस वर्षें दूर आहे त्यांस हिशेब, अशी ही वांटणी आहे.

वृद्धांची संख्या वाढत आहे व उपचार महाग होत आहेत, हें रायन यांचें म्हणणें खोटें नाहीं. कोठें तरी हात आंवरावा लागेल. पण तसा तो आंवरणाऱ्याशीं त्यांनीं काय वर्तन केलें? ओबामा यांच्या कायद्यानें इस्पितळांस व खासगी विमा कंपन्यांस द्यावयाच्या रकमांची वाढ रोखून २०१३ ते २०२२ या दहा वर्षांत ७१६ अब्ज डॉलर वांचणार होते. ही वृद्धांची लूट आहे, असा गिल्ला रायन यांच्या पक्षानें केला. आणि रायन यांनीं प्रतिनिधिगृहांत मांडलेल्या स्वतःच्या अंदाजपत्रकांत हीच बचत जमेस धरलेली होती! दुसऱ्यानें केली तर ती लूट, आपल्या वहींत मांडली तर ती काटकसर.

६ नोव्हेंबर २०१२ रोजीं ते निवडणूक हरले; पण त्यांची युक्ति हरलेली नाहीं. ‘आजच्या वृद्धांच्या केसालाही धक्का लागणार नाहीं,’ हें वाक्य एका उमेदवाराची मिरास नव्हे, आणि एका देशाचीही नव्हे. तें ऐकतांना श्रोत्यानें इतकेंच विचारावें: आणि उद्यांच्या वृद्धांचें काय? प्रस्तुत लेखकाची पन्नाशी उलटली आहे. कोणा उमेदवाराच्या रेषेच्या सुरक्षित बाजूस आपण पडलों, म्हणून आपल्या विद्यार्थ्यांस दुसऱ्या बाजूस सोडून द्यावें, हें त्याच्या बुद्धीस पटत नाहीं. वार्धक्याचें गांव सर्वांच्याच वाटेवर आहे. तेथील विहीर आपलें पाणी भरून झाल्यावर बुजविण्याचा अधिकार कोणत्याही पिढीस नाहीं.